यादीतलं शेवटचं सामान

ताडकळस
३ ऑगस्ट २०२५

ती. अण्णा,

पाया पडते. आधी बातमी सांगते, बाकीचं मग. माझा नंबर लागला! परभणीच्या कृषी विद्यापीठात, बी. एस्सी. ॲग्रीला, पहिल्याच फेरीत. परमेश्वरमामानं मोबाइलवर यादी बघितली आणि असा ओरडला की शेजारच्या म्हशीनं दावं तोडलं. आई सोयाबीनमध्ये खुरपायला गेली होती. बांधावर जाऊन सांगितलं तर "बरं झालं माय" एवढंच म्हणाली आणि पुन्हा खाली वाकून खुरपायला लागली. पण त्या वाफ्यात तिनं तणाबरोबर सोयाबीनही उपटलं, ते मी पाहिलं.

वसतिगृहातही जागा मिळाली आहे. सोमवारी, १५ सप्टेंबरला राहायला जायचं. एका खोलीत तिघी. सामानाची छापील यादी दिली आहे: गादी, उशी, बादली, मग, ताट-वाटी, बॅटरी, दोन कुलपं, आठ फोटो. आई म्हणते पेडगावहून आणलेली तुमची ट्रंकच न्यायची. कोपऱ्याला गंज चढलाय, मामा रंग देणार आहे. त्या दिवशी पालकांनी हजर राहायचं असंही यादीखाली लिहिलं आहे. आई आणि मामा येतील.

फोनवर सांगितलं असतं, पण तुमच्या त्या दहा मिनिटांत आई, मामा, मामी सगळेच घुसतात आणि माझ्या वाट्याला "बरी हायस का" एवढंच येतं. म्हणून पत्र.

एक सांगू? मला भीती वाटते. अभ्यासाची नाही, अनोळखी पोरींची. अकरावीला परभणीत खोली केली होती तेव्हा मी तीन महिन्यांत गाठोडं घेऊन परत आले होते, तुम्हाला आठवत असेल.

तुमची
सृष्टी


हर्सूल कारागृह
१० ऑगस्ट २०२५

माझ्या सृष्टीबाईस बापाचा पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र इथल्या रिवाजाप्रमाणं आधी साहेबांनी वाचलं. ते स्वतः बराकीपर्यंत आले आणि म्हणाले, "सूर्यभान, पेढे काढ." पेढे कुठले? कॅन्टीनचा गूळ आणि शेंगदाणे होते, ते चाळीस जणांत वाटले. एकेकाला चार दाणे आले. माझ्या शेजारी झोपणारा आश्रुबा म्हणाला, "पोरगी काय शिकणार?" म्हटलं, शेती. तर म्हणतो, "शेती तर आपल्याला बी येत होती की. बांध तेवढा कळला न्हाई." सगळे हसले, मीही हसलो.

तू अनोळखी माणसांना भितेस आणि ते मला विचारतेस, हे बरं केलंस. या विषयात तुझ्या बापाची पदवी पूर्ण होत आली आहे. सात वर्षं मी वसतिगृहातच राहतो ना! घंटेला उठणं, हजेरी, रांगेत ताट, ठरल्या वेळी दिवा बंद. फरक एवढाच की तुमच्या गेटातून आतल्या माणसाला बाहेर जाता येतं. तर ऐक. पहिल्या दिवशी कमी बोल, कोण कसं आहे ते बघ. खिडकीजवळची खाट मागू नकोस, पावसाचं पाणी आत येतं, भिंतीकडची घे. ताटाखाली खिळ्यानं खूण कर. कुणी काही मागितलं तर एकदा दे, दुसऱ्यांदा विचार करून दे. आणि रडू आलं तर अंघोळीला जायचं. बादलीत नळ सोडला की कुणाला काही ऐकू जात नाही. सात वर्षांत मला रडताना कुणी पाहिलेलं नाही.

मी आता सुतारकामात आहे. आमची टेबलं सरकारी ऑफिसांना, वसतिगृहांना जातात. तुझ्या खोलीतल्या टेबलाच्या खालून हात फिरवून बघ. कड गुळगुळीत लागली तर ते माझं.

आता मुद्द्याचं. पालक म्हणजे मी. मी असताना मामा कशाला? सात वर्षांत दोनदा रजेचा अर्ज केला आणि दोन्ही वेळा पेडगावच्या भावकीनं हरकत घेतली. त्यांना मी दोष देत नाही. त्या दिवशी बांधावर माझ्या हातातल्या फावड्याच्या दांड्यानं त्यांचा माणूस गेला, माझाच चुलतभाऊ. पण या वेळी मी पत्ता ताडकळसचा दिला आहे आणि परमेश्वर जामीन राहतो म्हणाला आहे. रजा मिळणार. ट्रंक मी माझ्या खांद्यावर आणणार. तुझ्या आईला सांग, कुंकू नेहमीसारखं रुपयाएवढं लाव. भेटीच्या वेळी काचेपलीकडं पन्नास बायका असतात, मला ती त्या कुंकवावरूनच सापडते. विद्यापीठाच्या गर्दीतही सापडेल.

तुझा
अण्णा


ताडकळस
१७ ऑगस्ट २०२५

ती. अण्णा,

पाया पडते. तुमचं पत्र आईला दोनदा वाचून दाखवलं. कुंकवाचं आलं तेव्हा तिनं पदर तोंडाला लावला आणि "ह्यांचं काय बी" म्हणाली.

अण्णा, तुम्ही रजेसाठी एवढी धावपळ करू नका. वसतिगृहात पुरुषांना आत सोडत नाहीत म्हणे. रेक्टरबाई फार कडक आहेत. त्या दिवशी गर्दी असेल, चिखल असेल. शिवाय पंधरा तारखेला पितृपंधरवडा आहे, मामी म्हणते सात वर्षांनी माणूस घरी येणार तो पंधरवड्यात कशाला? दिवाळीत या ना. दिवाळीत मीही घरी असेन, निवांत बोलता येईल.

बाकी तयारी चालू आहे. मामानं ट्रंक निळी रंगवली आणि वर पांढऱ्या रंगात नाव घातलं. नुसतं "सृष्टी" घातलंय, पुढं जागा पुरली नाही. आई जुन्या लुगड्यांची वाकळ शिवतेय. मधल्या चौकटीला तुमचा चौकड्यांचा सदरा लावला आहे. बादली लाल घेतली.

तुमची
सृष्टी


हर्सूल कारागृह
२४ ऑगस्ट २०२५

सृष्टीबाई,

मंजूर झाली! बारा तारखेला सकाळी सुटतो, अठ्ठावीस दिवस. साहेबांनी कागद दाखवला तर मला माझंच नाव वाचता येईना, आश्रुबानं वाचून दाखवलं.

पुरुषांना आत सोडत नसतील तर न सोडू दे. गेटाच्या आत राहायची सवय झालीच आहे, एक दिवस गेटाबाहेर उभं राहून बघू कसं वाटतं. चिखलाचं तू कुणाला सांगतेस? आणि पितरं काय परकी आहेत? आपलीच आहेत, नातीला सोडायला निघालेल्या माणसाला ती कशाला आडवी येतील?

ते ट्रंकेचं मात्र मला पटलं नाही. तीन फुटांची ट्रंक आहे, परमेश्वराला सांग जरा बारीक अक्षर काढ. तीन फुटांत सूर्यभान बसत नाही म्हणजे काय?

तुझ्या आईला एक पांढरा सदरा शिवायला टाकायला सांग. जुन्या मापानं नको, मी दोन बोटं कमी झालो आहे. आणि तुझ्या मैत्रिणींनी विचारलं की वडील काय करतात, तर सांग संभाजीनगरला सुतारकाम करतात. यात तिळाएवढं खोटं नाही. तुझी मान खाली जाईल असं मी काही बोलणार नाही, तेवढं मला कळतं.

बरोबर एकोणीस दिवस राहिले.

तुझा
अण्णा


ताडकळस
३० ऑगस्ट २०२५

ती. अण्णा,

पत्र मिळालं. सदरा शिवून आला आहे. आईनं तो तीनदा धुतला, नव्या कापडाची खळ जावी म्हणून.

गेल्या रविवारी परभणीला क्लासच्या सरांनी सत्कार केला. शाल, नारळ, फोटो. पेपरवाले आले होते, छापून येईल म्हणतात. तुमच्याकडं तो पेपर येतो का हो?

मला तुम्हाला एक सांगायचं आहे. तीनदा लिहिलं आणि तीनदा फाडलं. "वाट बघते" असं लिहायला पाहिजे, पण ते लिहिलं तर खरं होईल की खोटं हे माझं मलाच कळत नाही. माझ्यावर रागावू नका.

सृष्टी


हर्सूल कारागृह
६ सप्टेंबर २०२५

माझ्या लेकरा,

पेपर येतो. एक दिवस उशिरा येतो, पण येतो.

आश्रुबा रोज मोठ्यानं वाचतो. मंगळवारी एकदम उठून उभा राहिला, "सूर्यभानराव, पोरगी पेपरात हाय तुमची!" सगळी बराक गोळा झाली. फोटो हातोहात फिरला. शाल तुला मोठी होत होती, पण दिसत होतीस आईसारखी. मग वाच वाच म्हणाले आणि तो वाचायला लागला. "वडिलांचे छत्र हरपल्यानंतरही" इथपर्यंत वाचलं आणि थांबला. पुढचं त्यानं मनातल्या मनात वाचलं. हळूहळू जो तो आपापल्या जागेवर गेला. जेवायच्या वेळी कुणीतरी आपली भाकरी माझ्या ताटात ठेवली, सुतकाच्या घरी शेजारपाजारचे आणून देतात तशी. कुणी ठेवली ते मी वर बघितलं नाही. खाल्ली.

रागावलो नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. एक दिवस रागावलो. फार रागावलो. दुसऱ्या दिवशी रंधा मारता मारता एकेक आठवायला लागलं. पुरुषांना आत सोडत नाहीत. चिखल आहे. ट्रंकेवर जागा नाही. लेकरू बिचारं आडून आडून सांगतंय आणि मी आपला सदऱ्याचं माप देतोय! अकरावीत तू तीन महिन्यांत का परत आलीस हे मी कधी विचारलं नाही. आता विचारायची गरज राहिली नाही.

रजा नको असं मी ऑफिसात लिहून दिलं आहे. साहेब म्हणाले, असा कैदी नोकरीत पाहिला नाही. सृष्टे, मी मेलो असतो तर बरं झालं असतं, असलं काही मी लिहिणार नाही. मला जगायचं आहे. तीन वर्षं राहिली, ती भोगून बाहेर यायचं आहे आणि तुझी पदवी बघायची आहे. पण तुझ्या वसतिगृहाच्या गेटापुरता मी नाही. परवानगी आहे तुला. तिकडं पत्रही घालणार नाही, पाकिटावर इथला शिक्का असतो. ताडकळसला घालीन, सुट्टीत आलीस की वाच.

तुझी यादी मी पुन्हा तपासली. गादी, बादली, कुलपं, सगळं आहे. एक राहिलं. पेपरात मी नाही आणि तुझ्या आईच्या कपाळावर आहे, हे जुळत नाही. कुठल्याही बाईची नजर आधी बाईच्या कपाळाकडं जाते. तेव्हा गेटाच्या अलीकडं तिला ते पुसायला सांग. मंगळसूत्र पोलक्याच्या आत घाल म्हणावं. हे मी तिला लिहू शकत नाही, माझा हात चालत नाही. तू सांग.

बापाचा आशीर्वाद.


मुलींचे वसतिगृह, कृषी विद्यापीठ, परभणी
२१ सप्टेंबर २०२५

अण्णा,

तुमचं पत्र बारा तारखेला मिळालं, ज्या दिवशी तुम्ही सुटणार होतात त्या दिवशी. मी ते आईला वाचून दाखवलं नाही. अण्णांची रजा रद्द झाली एवढंच सांगितलं. ती "बरं" म्हणाली आणि दोरीवरचा सदरा काढून घडी करत बसली. बराच वेळ करत होती.

आधी माझं सांगते. अकरावीतली घरमालकीण चांगली होती, मला भाजी द्यायची. कुणीतरी तिला तुमच्याबद्दल सांगितलं आणि त्याच दिवशी माझं गाठोडं ओट्यावर आलं. "आमच्या घरात लेकरंबाळं हायेत बाई," म्हणाली. पुढच्या महिन्यात मी गावाहून येऊन-जाऊन परभणीचा क्लास लावला, तेव्हा सरांनी फॉर्म भरताना वडिलांचं विचारलं. मी म्हणाले, वारले. सर खुर्चीतून उठले आणि त्यांनी मला पाणी आणून दिलं. जेलमध्ये आहेत म्हटल्यावर मला कधी कुणी पाणी दिलं नव्हतं, अण्णा. त्या एका ग्लासासाठी मी तुम्हाला मारलं आणि दोन वर्षं तशीच वर्गात बसले.

आता सोमवारचं. वसतिगृहाच्या गेटाच्या अलीकडं एक नळ आहे. आई म्हणाली, "धूळ लागली, तोंड धुती." मी ट्रंकेपाशी उभी होते. पत्रातलं तिला सांगायचा मला धीर झाला नव्हता, सांगणारही नव्हते. ती तोंड पुसत परत आली आणि तिचं कपाळ कोरडं होतं. मंगळसूत्रही दिसत नव्हतं. मामानं मान फिरवली. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं, अण्णा. किराणा दुकानात कुणीतरी तो पेपर तिला वाचून दाखवला होता, हे मामानं मला नंतर सांगितलं. चौदा दिवस ती ते पोटात घालून माझी वाकळ शिवत होती. सात वर्षांत लोक नाही नाही ते बोलले तरी जे कुंकू कणभर लहान झालं नाही, ते तिनं माझ्यासाठी नळावर धुऊन टाकलं.

रेक्टरबाई कडक नाहीत. तेही मी खोटंच लिहिलं होतं. त्यांनी आईला बसायला खुर्ची दिली आणि म्हणाल्या, "ताई, एकटीनं पोरीला इथवर आणलंत." आई पटकन म्हणाली, "एकटीनं न्हाई मॅडम." मग माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "भाऊ हाय की माजा."

खोलीतली रेणुका जिंतूरकडची आहे. तिची आई मोठी मायाळू बाई, सगळ्यांना लाडू दिले. निघायच्या वेळी तिनं पिशवीतून हळदी-कुंकू काढलं. "सवाष्णी अशाच कशा जाऊ द्यायच्या," म्हणत तिसऱ्या मुलीच्या आईला लावलं, तिच्या मावशीला लावलं. मग बोटावर कुंकू घेऊन आईसमोर आली. बोट वर उचललं, आईच्या कपाळाकडं बघितलं आणि ते बोट हळूच आपल्याच पदराला पुसलं. आईच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "येते बाई." आईनं हात जोडले. मी लाल बादली घेऊन तीन हातांवर उभी होते. एक शब्द पुरे होता. माझ्या तोंडून तो निघाला नाही. आई निघाली, "जेवत जा" म्हणाली आणि गेटातून मामाच्या मागं मागं गेली. मी अंघोळीला गेले आणि नळ सोडला.

संध्याकाळी ट्रंक उघडली. वाकळेखाली तुमचा पांढरा सदरा होता आणि त्याच्या घडीत आईचा कुंकवाचा करंडा आणि मेणाची डबी. मी मामाला फोन केला. तर म्हणाला, आई तशीच आहे, कोऱ्या कपाळानं. मामीनं आपला करंडा पुढं केला तर म्हणाली, "दुसऱ्याचं कशाला? माजं पोरीकडं हाय. ज्याच्या नावाचं हाय तो आणून लावील तवा लावीन."

टेबलाच्या खालून हात फिरवला. टेबल लोखंडी आहे.

रेक्टरबाईंना जाऊन खरं सांगायचा धीर मला अजून झालेला नाही. रेणुकालाही सांगितलेलं नाही. ती फार चांगली आहे म्हणून जास्तच भीती वाटते. पण हे पत्र मी इथल्याच पेटीत टाकते आहे आणि पाकिटावर पाठवणाऱ्याचा पत्ता इथला घातला आहे. उत्तर इथंच पाठवा. शिक्का येऊ द्या. आणि मामानं ट्रंकेत ठेवलेला उरलेला पांढरा रंग घट्ट झाला होता, तरी त्यानंच मी ट्रंकेवर माझ्या नावापुढं तुमचं नाव काढलं. बसतं अण्णा, बारीक अक्षर काढायचीही गरज नव्हती.

रजेचा पुन्हा अर्ज करा. सहा महिने लागू देत, वर्ष लागू दे. मिळाली की सरळ ताडकळसला जाऊ नका, आधी इथं या. गेटावर वही असते, तीत येणाऱ्याचं नाव आणि नातं लिहायचं असतं. ते तुमच्या हातानं लिहा. मी करंडा घेऊन खाली येते. मग आपण दोघं आईकडं जाऊ. तोवर तिचं कपाळ तसंच राहणार आहे.

तुमची
सृष्टी सूर्यभान